‘माझं घर’ हा पाठ कुणासाठी? : प्रतिपालक कुटुंबातली लहान मुलं आणि आपलं बालशिक्षण

आज ज्या मुलांबद्दल बोलायचं आहे, त्यांच्या परिस्थितीसाठी मराठीत नीट रुळलेला शब्दसुद्धा नाही. तिथूनच सुरुवात करू. सरकारी कागदावर कुठे ‘प्रतिपालकत्व’ लिहिलेलं असतं, कुठे ‘संगोपन’, आणि बोलताना सगळे ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. शेजारीपाजारी यातलं काहीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘त्यांनी ते मूल सांभाळायला आणलंय’, किंवा सरळ ‘दत्तक घेतलंय’. पण दत्तक ही वेगळी गोष्ट आहे. दत्तक गेलेलं मूल कायमचं त्या घरचं होतं. प्रतिपालक कुटुंबातल्या मुलाचे आईवडील बहुतेक वेळा हयात असतात. कुणी आजारी असतं, कुणी तुरुंगात, कुणी व्यसनात, कुणाचा ठावठिकाणा नसतो. मूल परत जाऊ शकतं, दुसऱ्या घरी जाऊ शकतं, किंवा मोठं होईपर्यंत तिथेच राहू शकतं. म्हणजे घर आहे, पण ते किती दिवसांचं, हे त्या मुलाला कुणी सांगू शकत नाही.

आपल्याकडे लहान मूल दिसलं की पहिला प्रश्न काय असतो? ‘कुणाचा रे तू?’ ‘कुणाची गं तू?’ प्रेमानंच विचारतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलाची ओळख या एका प्रश्नात मावते असं आपण धरून चालतो. ज्या मुलाकडे या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर नाही, ते मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत आलं तर काय होतं, हा आजचा विषय आहे. त्यासाठी काही कागद आपण जरा टीकेच्या नजरेनं वाचणार आहोत. टीका म्हणजे नुसते दोष काढणं असं आम्ही मानत नाही. लिहिताना कागदासमोर कोणतं मूल होतं आणि कोणतं नव्हतं, एवढं तपासायचं आहे.

पहिला कागद कायद्याचा. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ४४. बालकल्याण समितीनं मुलाला त्याच्या जन्मदात्या कुटुंबाऐवजी दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, त्याची ही तरतूद. कलम वाचलं तर बऱ्याच गोष्टी मनापासून आवडतात. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा, असं त्यात आहे. समितीनं दर महिन्याला कुटुंबाची तपासणी करावी, असंही आहे. शिक्षणाबद्दल काय आहे? मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही प्रतिपालक कुटुंबाची जबाबदारी राहील. बस. तीन शब्द एका ओळीत. आता दहा वर्षांच्या मुलाबाबतीत ‘शिक्षण’ म्हटलं की शाळेचा दाखला, वह्या, फी हे डोळ्यांपुढे येतं. तीन वर्षांच्या मुलाबाबतीत काय येतं? तपासणीला आलेला माणूस विचारणार, ‘अंगणवाडीत नाव घातलंय का?’ उत्तर ‘हो’. रकान्यात खूण. विषय संपला. ते मूल तिथे बोलतं का, खेळतं का, की दाराकडे तोंड करून बसतं, हे विचारायला रकाना लागत नाही, नजर लागते. आणि ती नजर कुणाची असावी, हे कलम सांगत नाही.

कायद्याखालच्या नियमांचा कल लहान मुलांच्या बाबतीत साधारण असा आहे: सहा वर्षांखालचं मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असेल, तर त्याला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात शक्यतो ठेवू नका, कायमचं कुटुंब द्या. हे धोरण योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम होतो. ‘लहान मुलं दत्तक जातात, फॉस्टर केअर मोठ्यांसाठी’ अशी समजूत यंत्रणेत पक्की होते. मग ज्यांचे आईवडील आहेत, म्हणून दत्तक देता येत नाही, आणि घरीही ठेवता येत नाही, अशी दोन-तीन-चार वर्षांची मुलं कुणाच्याच डोळ्यांपुढे राहत नाहीत. ती असतात. आजीकडे, मावशीकडे, शिशुगृहात, कधी ओळखीच्या घरात.

दुसरा कागद आपल्या राज्याचा. बालसंगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे. दरमहा ४२५ रुपयांपासून ती ११०० वर आली आणि आता २२५० वर. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये हीच मदत ४००० रुपये आहे. कोविडनंतर ही योजना गावोगावी माहीत झाली, हे चांगलं झालं. पण ती प्रत्यक्षात काय करते ते बघा. बहुतांशी ती नात्यातल्या माणसाला किंवा एकट्या उरलेल्या पालकाला पैसे देते. त्यात गैर काहीच नाही. नातवंडं सांभाळणाऱ्या साठीच्या आजीला २२५० रुपये मिळत असतील, तर ते मिळायलाच हवेत. अडचण पुढे आहे. ‘संगोपन’ हा किती मोठा शब्द आहे! आणि योजनेत त्याचा अर्थ बँकेच्या खात्यात जमा होणारी रक्कम एवढाच उरतो. त्या आजीला कुणी सांगितलंय का, की हे मूल रात्री दचकून उठतं म्हणजे ते हट्टी नाही? आईचं नाव काढलं की ते खेळणं फेकतं, तेव्हा आईचं नाव टाळायचं की मुद्दाम काढायचं? यासाठी पैशांबरोबर एक माणूस लागतो. तो माणूस योजनेत नाही.

तिसरा कागद आपल्या म्हणजे बालशिक्षणवाल्यांच्या घरातला आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ थांबू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये दोन आराखडे आणले. तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ आणि जन्मापासून तीनपर्यंत ‘नवचेतना’. दोन्ही अभ्यासून केलेले आहेत. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा, ही प्रतिमा मोडायचा त्यात प्रामाणिक प्रयत्न आहे. आधारशिलाचा आराखडा ४८ आठवड्यांचा. त्यातले पहिले ४ आठवडे मुलानं घरातून अंगणवाडीत रुळावं म्हणून राखून ठेवलेले. मग ३६ आठवडे खेळ, गप्पा, शोध, निर्मिती. शेवटचे ८ उजळणीचे.

पहिले ४ आठवडे रुळण्यासाठी, ही कल्पना सुंदर आहे. आता तिच्यासमोर आपलं मूल उभं करू. समजा, चार वर्षांची एक मुलगी आहे. ती नोव्हेंबरमध्ये नव्या घरी आली. त्या आठवड्यात अंगणवाडी कुठे असणार? छत्तिसातल्या मधल्या कुठल्यातरी आठवड्यात. बाकीची वीस मुलं रुळलेली, त्यांच्या जागा ठरलेल्या, त्यांची गाणी पाठ. हिला नवं घर, नवं गाव, कदाचित नवी बोली, आणि रुळण्याचे ४ आठवडे जूनमध्येच संपलेले. मूल वर्षातून एकदा येतं, घरातून येतं, आणि ते घर तेच राहतं, ही तीन गृहीतकं त्या आराखड्यात न लिहिता बसलेली आहेत. घर बदलणाऱ्या मुलाला रुळण्याचे ४ आठवडे ते ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून मिळाले पाहिजेत. हे एक वाक्य आराखड्यात घालायला काहीही खर्च नाही.

नवचेतनाचंही तसंच. ३६ महिन्यांची दिनदर्शिका, वयानुसार १४० कृती, घरी आईनं किंवा सांभाळणाऱ्यानं करायच्या, सेविकेनं गृहभेटीत दाखवायच्या. पण टाकून दिलेल्या किंवा सापडलेल्या मुलाचं वयच डॉक्टरांनी अंदाजानं लिहिलेलं असतं. आणि अडीच वर्षांच्या मुलानं पहिली दोन वर्षं पाळण्यातच काढली असतील, तर त्याला अडिचाव्या वर्षाची कृती द्यायची, की त्यानं कधीच न खेळलेला ‘कुक’ आधी खेळायचा? जाणती सेविका कुकपासूनच सुरुवात करील. पण तिला तसं करायची मुभा कागदानं द्यायला हवी. नाहीतर ती ‘मागे पडलेलं मूल’ अशी नोंद करील आणि पुढे जाईल.

आणि मग तो पाठ, ज्याचं नाव आजच्या व्याख्यानाला दिलंय. विषयवार चालणाऱ्या कुठल्याही बालवाडीत ‘मी आणि माझं कुटुंब’ हा विषय येतो, बहुधा सुरुवातीलाच. घराचं चित्र काढा. घरातल्या माणसांची नावं सांगा. लहानपणीचा फोटो आणा. पुढे मातृदिन येतो, आजीआजोबा दिवस येतो. यामागे वाईट हेतू कुणाचाच नाही. पण ज्या मुलाकडे लहानपणीचा एकही फोटो नाही, त्याला हा दिवस कसा जात असेल? इथे दोन प्रकारच्या चुका होताना दिसतात. एक, तो विषय त्या मुलापुरता टाळायचा: ‘तू नको सांगू, तू रंगव.’ दुसरी, सगळ्यांदेखत दया दाखवायची: ‘त्याला आई नाही, त्याला आधी खाऊ द्या.’ दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त टोचते. विषय काढून टाकायची गरज नाही. तो उघडा करायचा. ‘तुझ्या घरात कोण कोण आहे?’ याऐवजी ‘तुला जेवायला कोण वाढतं? केस कोण विंचरतं? झोपताना जवळ कोण असतं? तुला कुणाची आठवण येते?’ असं विचारायचं. या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक मुलाकडे असतात. आईवडील परगावी ऊसतोडीला गेले म्हणून आजीकडे राहिलेल्या मुलाकडेही असतात. म्हणजे हा बदल केवळ चार-दोन मुलांसाठी नाही, हे लक्षात घ्या.

इथे कुणीतरी म्हणेल की आपल्या संस्कृतीला हे नवं नाही, आपल्याकडे यशोदा आहे. खरंय. देवकीचं मूल यशोदेनं वाढवलं, आणि आपण तिला आईच म्हणतो. पण यशोदेचं उदाहरण आपण अर्धंच वापरतो. मायेचा भाग घेतो, मूल परत जातं तो भाग सोडून देतो. प्रतिपालक आईला आपण सांगतो, ‘पोटच्या पोरासारखं सांभाळा.’ तिला हे कुणी सांगत नाही की, जीव लावा, आणि त्याच्या खऱ्या आईबद्दल त्याच्याशी बोलतही राहा, कारण उद्या त्याला जायचं असेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणं फार अवघड आहे. त्यासाठी नुसती पौराणिक उपमा पुरत नाही.

ते कसं करतात, याचं एक चित्रित उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्यानं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आईपासून थोडे दिवस दूर राहावं लागलेल्या लहान मुलांवर छोटे चित्रपट केले. त्यातला जॉन १७ महिन्यांचा. आई बाळंतपणाला गेली म्हणून ९ दिवस निवासी पाळणाघरात. तिथल्या नर्स प्रेमळ आहेत, पण त्या पाळीनुसार बदलतात. तो एकीकडे जातो, ती निघून जाते, मग दुसरीकडे जातो. शेवटी मोठ्या टेडीला मिठी मारून पडून राहतो. आई आल्यावर तिच्याकडेही नीट जात नाही. याच मालिकेत रॉबर्टसनांनी स्वतःच्या घरी सांभाळलेली मुलं आहेत. त्यांनी आधीपासून मुलांना घराची ओळख करून दिली, त्यांच्या खाण्याझोपण्याच्या सवयी विचारून घेतल्या, आईची आठवण जागी ठेवली. ती मुलंही अस्वस्थ झाली, पण कोलमडली नाहीत. टीकाच करायची तर ही मुलं स्थिर घरातून आलेली होती, दिवस थोडे होते, आणि सांभाळणारी बाई त्या विषयाची जाणकार आणि पूर्णवेळ मोकळी होती. आपल्याकडच्या आजीशी तिची तुलना होणार नाही. तरी जॉनचा धडा पक्का आहे: माया असून भागत नाही, माणूस तेच राहावं लागतं.

दुसरा पुरावा रोमानियातला. बुखारेस्टमधल्या सहा संस्थांमधली, साधारण ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं. चिठ्ठी टाकल्यासारखं करून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबं दिली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. या प्रयोगाच्या नैतिकतेवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. २००७ मध्ये बुद्धिविकासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कुटुंबात गेलेली मुलं पुढे होती, आणि जितकं लवकर गेली तितकी जास्त. भाषेच्या बाबतीत पंधरा महिन्यांच्या आत गेलेली मुलं जवळपास इतर मुलांसारखी बोलू लागली, दोन वर्षांनंतर गेलेली खूप मागे राहिली.

हा अभ्यास आपल्याकडे भाषणांत नेहमी येतो आणि त्यातून ‘संस्था वाईट, कुटुंब चांगलं’ एवढंच वाक्य काढलं जातं. त्यात एक गोष्ट गळते. त्या प्रतिपालक कुटुंबांच्या मागे सामाजिक कार्यकर्त्या होत्या, त्या नियमित भेटत होत्या, पालकांना मुलाचं वागणं समजावून देत होत्या. म्हणजे औषध ‘कुटुंब’ हे नव्हतं, ‘आधार असलेलं कुटुंब’ हे होतं. आपण त्यातलं कुटुंब घेतलं आणि आधार विसरलो.

आता प्रश्न येतो की तो आधार आणायचा कुठून. आमचं म्हणणं असं की तो गावात आधीच आहे, त्याला आपण अंगणवाडी म्हणतो. हा शब्द कुठून आला ते आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला काम करत होत्या. बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुलं तिच्यापर्यंत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या जगण्याचं वेळापत्रक बदलत नसेल तर शाळेनं आपलं बदलावं, हा त्या कामाचा गाभा. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा देशानं ‘अंगणवाडी’ हा शब्द घेतला. गाभा किती घेतला, हा प्रश्न आहे. आणि एक मर्यादा त्या शब्दातही आहे. अंगण म्हटलं की घर आलंच, ठरलेलं घर. आपल्या मुलाचं अंगणच बदलतं. ताराबाईंचीच रीत पुढे न्यायची तर म्हणावं लागेल: घर बदललं तरी शक्य तिथे अंगणवाडी बदलू नका. एकाच तालुक्यात, एकाच शहरात मूल हलवायचं असेल, तर ती ताई, तो कोपरा, ती गाणी तशीच राहू द्या. सगळं हलत असताना एक जागा तरी हलू नये.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, सेविकेवर किती लादणार? पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, आणि तुटपुंजं मानधन. हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. म्हणून तिला आणखी एक नोंदवही देऊ नका, असंच आम्ही म्हणतो. असं एखादं मूल आलं तर पहिला महिना तिच्या इतर नोंदींतून थोडी सूट द्या, आणि तिच्या सोबत यायला जिल्हा बालसंरक्षण कक्षाचा माणूस द्या.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. मग सेविकेला काय सांगायचं? आमच्या मते तिला प्रकरण सांगायची गरज नाही. बाप कुठल्या गुन्ह्यात आत आहे, हे तिला माहीत असून मुलाचं काही भलं होत नाही. तिला हे माहीत हवं: मुलाला घरात काय नावानं हाक मारतात, काय खातं, कशाला घाबरतं, झोपताना काय लागतं, सांभाळणाऱ्या बाईला ते काय म्हणतं, आई की मावशी की काकू, आणि आईबद्दल त्याला काय सांगितलेलं आहे. अर्ध्या पानात मावतं हे. मूल हललं तर हे अर्धं पान त्याच्याबरोबर जावं.

हे होत का नाही, तर कारण साधं आहे. बालसंगोपन आणि प्रतिपालकत्व पाहणारं महिला व बालविकास आयुक्तालय पुण्याला. अंगणवाड्या पाहणारं एकात्मिक बालविकास आयुक्तालय नवी मुंबईला. जिल्ह्यात एक फाइल महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, दुसरी जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागाकडे. मंत्रालयातला विभाग मात्र एकच. दिल्लीतही मंत्रालय एकच. एकाच विभागाच्या या दोन हातांची ओळख नाही.

इतर देशांनी काय केलं? अमेरिकेनं प्रतिपालक कुटुंबातल्या मुलांना उत्पन्नाची अट न लावता हेड स्टार्टमध्ये पात्र ठरवलं. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना ३० तासांचं मोफत बालशिक्षण आलं तेव्हा प्रतिपालकांना आधी वगळलं होतं, २०१८ मध्ये ती चूक दुरुस्त केली, आणि अट घातली की हे तास मुलाच्या संगोपन-योजनेशी जुळले पाहिजेत. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. पण कागदावर ते मूल त्यांनी लिहिलं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणाबद्दल कलम ११ म्हणतं की सरकार व्यवस्था ‘करू शकेल’. या ‘शकेल’मध्ये ज्यांच्यासाठी भांडायला घरचं माणूस आहे, ती मुलं निभावून नेतात. ज्यांच्यासाठी कुणी नाही, ती राहून जातात.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. रुळण्याचे ४ आठवडे मूल येईल त्या दिवसापासून. बदलीच्या निर्णयाआधी सेविकेचं मत. शक्य तिथे तीच अंगणवाडी. अर्धं पान माहिती. आणि मासिक तपासणीत एक जादा प्रश्न: ‘हे मूल अंगणवाडीत कुणाजवळ जाऊन बसतं?’ ज्या दिवशी तपासणाऱ्याला या प्रश्नाचं नाव घेऊन उत्तर मिळेल, त्या दिवशी शिक्षणाच्या रकान्यात खूण करायला हरकत नाही.

वेळ संपत आली आहे, आम्ही इथे थांबतो. सभागृहात सेविका आणि मुख्यसेविका बसलेल्या आहेत, प्रश्नोत्तरांत त्यांना आधी बोलू द्यावं, ही विनंती.